लिहायचं घरी, टाकायचं सड्यावर

आमच्या घरात रेंज येत नाही. देवगड तालुक्यात खाडीच्या अंगाला उतरलेल्या कितीतरी वाड्यांची हीच गत आहे. घरं खाली, माडांच्या आणि आंब्याच्या कलमांच्या सावलीत; वर जांभ्या दगडाचा उघडा सडा. रेंज काय ती सड्यावर. मुंबईला नीट बोलायचं असेल तर माणसं चढ चढून वर जातात, पोरं संध्याकाळची तिथंच बसलेली असतात, आणि मी माझा ब्लॉगही वरच जाऊन टाकते. लिहिते मात्र घरी, पडवीत बसून. त्यामुळे ब्लॉग लिहायचा एडिटर लॅपटॉपवर असणं ही माझी हौस नाही, गरज आहे. इंटरनेट नसताना उघडेल, मजकूर आणि फोटो जिथल्या तिथे मांडून ठेवेल आणि रेंज मिळाली की एका बटणासरशी सगळं ब्लॉगवर पाठवेल, एवढंच मला त्याच्याकडून हवं असतं.

असे एडिटर होते. अजूनही आहेत. पण त्यांचं आणि ब्लॉगसेवांचं आपसात पटत नाही, आणि त्यात भरडलं जातं ते लिहिणाऱ्याचं लिखाण. कुठल्या कंपनीला नावं ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. माझी ब्लॉगसेवा कुठली, एडिटर कुठला, हे सांगून काही साधणारही नाही, कारण इतर लिहिणाऱ्यांकडून थोड्याफार फरकाने हेच ऐकते. काय बिघडतं आणि का बिघडतं, ते मात्र नीट सांगायचं आहे.

मी लिहिते ते रापणीबद्दल, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून जाळं ओढायच्या मासेमारीबद्दल, सड्यावरच्या पावसाळी फुलांबद्दल, गावातल्या जुन्या माणसांनी सांगितलेल्या गोष्टींबद्दल. पर्ससीनची मोठी जाळी आणि एलईडी दिव्यांवरची मासेमारी यांच्या रेट्यात रापण मागे पडत चालली आहे. ज्यांनी आयुष्यभर ती ओढली, ती माणसं आता पिकली आहेत. त्यांच्याकडून ऐकलेलं कुठेतरी नीट उतरावं, एवढ्यासाठी हा ब्लॉग आहे. अशा लेखात फोटो शोभेला नसतात. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धगोल घेते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, दोन्ही अंगांनी माणसं खेचायला लागतात, जाळं काठाला लागतं, मग मासळी निवडून वाटे घालतात. या क्रमानेच फोटो लागले पाहिजेत, आणि प्रत्येकाखाली काय चाललं आहे त्याची ओळ पाहिजे.

घरी एडिटरमध्ये हे सगळं देखणं दिसतं. सड्यावर जाऊन पाठवलं की ब्लॉगवर त्याचं भलतंच होतं. फोटोखालची ओळ आमची ब्लॉगसेवा एका टेबलात बसवते, एडिटर ती साध्या परिच्छेदात ठेवतो. दोघांच्या समजुती वेगळ्या, त्यामुळे ओळ फोटोपासून सुटते आणि पुढच्या फोटोच्या डोक्यावर जाऊन बसते. वाटे घालतानाच्या फोटोवर लिहिलेलं असतं, ‘होडी जाळं सोडते आहे’. गावातल्या माणसाला हसू येईल. पण मुंबईत वाढलेल्या, रापण कधी पाहिलीच नाही अशा आमच्याच नातवंडांना ते खरं वाटेल, आणि मला टोचतं ते तेच.

आडव्या फोटोंचा त्रास त्याहून वाईट. मोबाइल उभा धरून फोटो काढला तरी पुष्कळ वेळा फाइलमध्ये तो आडवाच साठवला जातो. सोबत एक्झिफ नावाच्या माहितीत एक खूण ठेवलेली असते, की दाखवताना हा असा फिरवून दाखवा. ती खूण वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो सरळ दिसतो. एडिटरने पाठवण्यापूर्वी फोटो लहान करताना ती खूण टाकून दिली, की वाचणाऱ्यासमोर माणूस आडवा. आमच्या वाडीतल्या एका आबांचा असा फोटो गेला. दोर कमरेला लावून, पाय वाळूत रोवून उभे. खूप प्रेमाने काढलेला फोटो. त्यांच्या नातवाने मुंबईहून आल्यावर मोबाइलवर तो लेख त्यांना दाखवला. आबा माझ्याकडे आले आणि म्हणाले, “माझो फोटो आडवो कित्याक गो?” त्या प्रश्नात राग नव्हता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आपल्याबद्दल कुणीतरी लिहिलं आणि त्यात आपण आडवे, याचं साधं दुःख होतं. त्यांना एक्झिफ काय सांगणार? दुरुस्त करते म्हटलं, आणि त्याच संध्याकाळी वर जाऊन केला.

आता अक्षरांकडे येते, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे.

आमच्याकडच्या लिखाणात ‘खाऱ्या वाऱ्याला’ हे शब्द वरचेवर येतात. ‘ऱ्य’ संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकीत त्या र साठी युनिकोडमधलं, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक यादीतलं, वेगळं चिन्ह वापरतात. दुसरीत साधा र, हलन्त, आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक चिन्ह असतं. ते डोळ्यांना दिसत नाही, जागा घेत नाही, फक्त पुढच्या अक्षराशी कसं जोडायचं ते सांगतं. डोळ्यांनी पाहताना दोन्ही तऱ्हा सारख्याच. एडिटर पाठवण्याआधी मजकुराची ‘साफसफाई’ करतो, म्हणजे अनावश्यक कोड काढून टाकतो. त्या झाडलोटीत हे न दिसणारं चिन्हही कचऱ्यात जातं. मग घरी लिहिलेल्या ‘खाऱ्या वाऱ्याला’चं ब्लॉगवर ‘खार्या वार्याला’ होतं. साध्या र चा रफार होऊन तो पुढच्या य च्या डोक्यावर चढतो. वाचणाऱ्याला वाटतं, लिहिणारीला शुद्धलेखन येत नाही. मी शाळेत मराठी शिकवते. मुलांच्या वहीत ज्यावर लाल शाई मारते तेच माझ्या नावाखाली छापून आलेलं पाहताना काय होतं, ते शिक्षकालाच कळेल.

‘ॲ’चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या पुष्कळ मजकुरात ते त्या अदृश्य जोडकाच्या, म्हणजे जॉइनरच्या, आधारानेच उभं आहे. मराठीसाठी तो जोडक कचरा नाही, काना-वेलांटीइतकाच लिपीचा भाग आहे. ज्याने तो साफसफाईचा नियम लिहिला त्याच्यासमोर बहुधा फक्त इंग्रजी मजकूर असणार. त्याने एकदा एखादं मराठी पान त्यातून काढून पाहिलं असतं तर दहा मिनिटांत चूक कळली असती.

लेखाच्या पत्त्याची तऱ्हा आणखी वेगळी. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह वेबवर तीन बाइटांचं असतं, आणि वेबच्या पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याची खूण आणि दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. ‘कोकण’ या शब्दात क, ओकार, क, ण अशी चार चिन्हं, म्हणून हा एवढासा शब्द पत्त्यात छत्तीस जागा अडवतो. पत्त्याच्या लांबीला मर्यादा असली, की लांब मराठी शीर्षक मध्येच तुटतं. काही सेवा तर देवनागरी शीर्षकातून पत्ता बनवायच्या भानगडीतच पडत नाहीत, नुसता आकडा देऊन मोकळ्या होतात. ऑनलाइन एडिटरमध्ये निदान आपला पत्ता हाताने लिहायची सोय असते. माझ्या लॅपटॉपवरच्या एडिटरमध्ये ती चौकट आहे, पण तिच्यात लिहिलेलं पलीकडे पोचत नाही.

ओळींमधलं अंतरही असंच. बऱ्याच थीम, म्हणजे ब्लॉगच्या तयार मांडण्या, रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेल्या असतात. त्या अंतरात वरच्या ओळीतला ऊकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला भिडतो. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ फॉन्ट लावला आणि अंतर वाढवलं की डोळ्यांना बरं वाटतं, पण एडिटरने प्रत्येक परिच्छेदाला आपला फॉन्ट चिकटवून पाठवला असेल तर थीममध्ये काय लावलं आहे याला अर्थच उरत नाही. कोड उघडून पाहिला तर शब्दाशब्दाला स्पॅन नावाच्या खुणेचं वेष्टन. ते हाताने सोलत बसायचं, तेही सड्यावर, उन्हात, स्क्रीन धड दिसत नसताना.

हे असं का होतं? समजून घ्यायला मी बरंच वाचलं, आणि वाचल्यावर राग थोडा निवळला. लॅपटॉपवरचा एडिटर आणि ब्लॉगसेवा एकमेकांशी ठरलेल्या पद्धतीने बोलतात; तिला एपीआय म्हणतात. २००१ साली ब्लॉगर एपीआय आलं, २००२ मध्ये प्रोग्रॅमर डेव्ह वायनर यांचं मेटावेबलॉग एपीआय. तेव्हा लेख म्हणजे शीर्षक, मजकूर, तारीख, विभाग, संपलं. एवढ्या साध्या कल्पनेवर किती चांगली सॉफ्टवेअर उभी राहिली! विंडोज लाइव्ह रायटर २००६ मध्ये आलं. जे. जे. अलेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ऑनफोलिओ या कंपनीतून ते मायक्रोसॉफ्टकडे आलेलं. तुमच्या ब्लॉगची थीमच ते उतरवून घ्यायचं आणि तिच्यातच लिहू द्यायचं, म्हणजे लिहितानाच लेख वाचणाऱ्याला जसा दिसेल तसा दिसायचा. त्यासाठी ब्लॉगवर एक तात्पुरती पोस्ट टाकून लगेच काढून घ्यायचं. ती पोस्ट चुकून तशीच राहिलेले ब्लॉग कितीतरी सापडत. तरी ती कल्पना मला आजही उत्तम वाटते. लिहिणाऱ्याचा एवढा विचार केलेलं सॉफ्टवेअर विरळा.

पण सेवा पुढे गेल्या. दर वेळी नाव आणि पासवर्ड पाठवायची जुनी पद्धत सुरक्षित नव्हती. ती बंद होणं योग्यच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. गूगलने ती २०१५ मध्ये बंद केली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लाइव्ह रायटरचा कोड खुला होऊन ओपन लाइव्ह रायटर आलं. ते स्वयंसेवकांनी सांभाळलं. मूळ लाइव्ह रायटर ज्या संचात होतं त्याची साथ मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७ मध्ये थांबवली. वर्डप्रेसमध्ये डिसेंबर २०१८ पासून मजकुराचे ठोकळे पाडणारा नवा एडिटर आला. २०१९ मध्ये गूगलने पिकासा वेब अल्बम या आपल्या फोटो ठेवायच्या सेवेचं एपीआय बंद केलं, आणि त्या वाटेने फोटो पाठवणाऱ्या एडिटरांची वाट अडली. बाहेरच्या एडिटरकडून लेख आत घ्यायचं एक्सएमएलआरपीसी हे जुनं दार पासवर्ड फोडणारे ठोठावत बसतात, म्हणून ब्लॉगला इंटरनेटवर जागा देणारे पुष्कळ होस्टिंगवाले ते कुलूपबंदच ठेवतात. यातलं प्रत्येक पाऊल वेगळं घेतलं तर त्याला कारण आहे. सगळी मिळून मात्र एकच गोष्ट होते: घरी बसून, इंटरनेटशिवाय लिहिणारा माणूस कुणाच्याच खिजगणतीत उरत नाही. फुकट वेळ देऊन हे जुने एडिटर जिवंत ठेवणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. त्यांचं काम या मोठ्या सेवांनी दर दोन वर्षांनी जड करून ठेवलेलं असतं.

माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. गणपतीला आला की हा विषय निघतोच.

“आत्या, थेट ऑनलाइन एडिटरमध्ये लिही ना. सगळं आपोआप सेव्ह होतं गं.”

“रेंज नसताना कुठे सेव्ह होतं रे?”

“रेंज आली की होतं.”

“होत नाही. माझं झालं नव्हतं.”

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. त्याआधीच्या दिवसांत मी भाच्याचंच ऐकून, सड्यावर बसून, थेट ब्लॉगसेवेच्या पानावर एक लेख लिहीत होते. त्याच आबांनी जाळ्यांची, दोरांची, वाऱ्यांची नावं सांगितली होती, त्यांच्या बोलीत, त्यांच्या वाक्यांत. लिहिताना वर ‘सेव्ह झाले’ असं दिसत होतं. मग वादळ आलं. माड पडले, खांब पडले, लाइट गेली, टॉवर बंद पडले. पुष्कळ दिवसांनी रेंज आली तेव्हा लेख उघडला, तर शेवटचा निम्मा नाही. येत-जात राहणाऱ्या रेंजमध्ये पानावर एक दिसत होतं आणि पलीकडे जुनंच साठवलेलं होतं. वहीत टिपणं होती म्हणून नावं वाचली. आबांची वाक्यं गेली. पुन्हा विचारलं तर त्यांनी पुन्हा सांगितलं, जीव लावून सांगितलं, पण माणूस तेच दुसऱ्यांदा सांगताना आटोपतं घेतो.

त्याच वादळाच्या रात्रींमध्ये, लॅपटॉपची बॅटरी पुरेल तेवढं, मी घरच्या एडिटरमध्ये लिहिलं होतं. कुणाची कौलं उडाली, कुणाची होडी फुटली, कलमांखाली आंब्यांचा कसा सडा पडला होता. ते सगळं आजही शाबूत आहे. म्हणून भाच्याचं म्हणणं कितीही नवं असलं तरी मला पटत नाही. ‘इंटरनेट नसेल तर’ ही ज्या माणसाला अडचणीची परिस्थिती वाटते, तो जिथे ते नेहमी असतं तिथे राहतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर लाइट आणि रेंज दोन्ही पावसाच्या मर्जीवर असतात. वर्षाचा तिसरा भाग झाला हा. त्यालाच अपवाद धरून सॉफ्टवेअर बनवायचं म्हणजे आम्हाला हिशोबातच धरायचं नाही.

सगळं घरी ठेवलं म्हणजे सुरक्षित, असंही मी म्हणत नाही. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं. २००५ च्या पुरात तिथे पाणी शिरलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा शिरलं. कोकणात कागद आणि हार्ड डिस्क दोन्हींना पाण्याचं भय. आणि दूरच्या सेवांवर विसंबावं, तर जिओसिटीज २००९ मध्ये गेली, पोस्टरस २०१३ मध्ये, टाइपपॅड २०२५ मध्ये. लिखाण दोन्हीकडे हवं, आणि दोन्हीकडे तेच हवं. लॅपटॉपवरच्या एडिटरकडून माझी खरी अपेक्षा हीच आहे, आणि नेमकं तिथेच तो कमी पडतो. ब्लॉगवर जाऊन एक वेलांटी सुधारली, की ती घरच्या प्रतीत येत नाही. मग पुढच्या वेळी घरून पाठवलं, की जुनी चूक पुन्हा ब्लॉगवर हजर. शिवाय घरची प्रतसुद्धा त्या एडिटरलाच वाचता येईल अशा फाइलमध्ये. एडिटर उद्या चालेनासा झाला तर ती उघडायची कशाने?

भाच्याने यावर एक वाट दाखवली, ती मी धरली आहे. आता मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिते, मार्कडाउनच्या खुणा वापरून, म्हणजे शीर्षक, ठळक अक्षर वगैरे साध्या चिन्हांनी दाखवून. २००४ मध्ये आलेली ही पद्धत शिकायला एक दुपार पुरते, आणि फाइल कुठल्याही संगणकावर, कशातही उघडते. युनिकोडमध्ये सेव्ह केलेली असली की त्यात माझी अक्षरं कुणी झाडून काढत नाही. प्रत्येक लेखाचं वेगळं फोल्डर. फोटो त्यातच, आधीच सरळ करून आणि लहान करून ठेवलेले, म्हणजे एक्झिफचा प्रश्न उरत नाही. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ पहिल्या तऱ्हेनेच लिहायचे, जोडकाशिवाय. सड्यावर जायच्या आधी भाच्याने दिलेल्या छोट्या प्रोग्रॅममधून एचटीएमएल, म्हणजे वेबच्या पानाचा कोड, काढून घेते, आणि वर गेल्यावर ते ब्लॉगसेवेच्या कोडच्या खिडकीत चिकटवते. पूर्ण ब्लॉगचा बॅकअप एका पेन ड्राइव्हवर माझ्याकडे, एक पुण्याला भाच्याकडे.

यात लिहिण्याचं सुख कमी आहे, हे खरं. मजकूर आणि फोटो एकत्र मांडून, लेख जसा दिसणार तसाच पाहत लिहिणं यात मन रमायचं. कोणता फोटो कुठे आला की वाक्य किती थोडक्यात आटोपतं, ते समोर दिसायचं. आता दोर आणि होडीच्या जागी नुसती फाइलची नावं दिसतात. म्हणून एडिटर बनवणारं कुणी हे वाचत असेल तर त्यांना माझं मनापासून सांगणं आहे. आमच्या अक्षरांना हात लावू नका. पाठवण्यापूर्वी मजकुरात काय बदलणार आहात ते आधी दाखवा. घरची प्रत साध्या, उघड्या फाइलमध्ये ठेवा. आणि तपासायला एकदा तरी मराठी मजकूर घ्या. फार मोठं काम नाही हे. ज्यांना करता येतं त्यांच्यासाठी तर नाहीच.

फोटोखालच्या ओळींचं मात्र अजून जमलेलं नाही. कोडच्या खिडकीतून टाकलं तरी मोबाइलवर टेबल फुटतं आणि ओळ फोटोच्या शेजारी, उभ्या अरुंद पट्टीत, एकाखाली एक अक्षर अशी जाते. फोटो आणि ओळ एकत्र बांधणारा फिगर टॅग वापरून पाहिला, तो आमची थीम मानत नाही. थीमच्या सीएसएसमध्ये, म्हणजे तिच्या मांडणीच्या नियमांत, कुठे काय घातलं म्हणजे ओळ फोटोच्या खालीच राहील, हे कुणाला ठाऊक असेल तर कृपा करून सांगा. रापणीचा लेख तेवढ्यासाठी अडला आहे.